हॅथर्लीची बायको

१

लग्नाला त्रेचाळीस दिवस झाले होते आणि त्या त्रेचाळीस दिवसांत अंबरनाथच्या त्या घरात मैत्रेयीला तिच्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. यात कोणाचा दोष नव्हता. सासूबाई "अगं" म्हणायच्या, नवरा राजरत्न "ऐक ना" म्हणायचा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि तीन माणसं. "अगं" म्हटलं की कोणाला ते कळतंच, मग नाव कशाला झिजवा?

कागदावरही तिचं तेच चाललं होतं. माहेरच्या, म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकच्या रेशन कार्डावरून तिचं नाव कमी झालं होतं. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन राजरत्ननं इकडे अर्ज भरला होता आणि कार्ड ऑफिसात जमा केलं होतं. "महिनाभरात चढेल," खिडकीवरच्या बाईंनी सांगितलेलं. म्हणजे तिकडून उतरलेलं आणि इकडे अजून न चढलेलं असं तिचं नाव सध्या जिन्यात उभं होतं. मैत्रेयीला याचं दुःख नव्हतं. आनंदही नव्हता. लग्नापासून तिला सगळंच जाड गोधडीतून ऐकू आल्यासारखं यायचं.

नोकरी मात्र सुटली नव्हती. कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या वरच्या माळ्यावर तिचं ऑफिस. लग्नानंतर दिपेशनं, म्हणजे तिच्या सुपरवायझरनं, लॅपटॉप घरी न्यायला दिला होता. काम म्हणजे जुन्या वह्या टाइप करणं. चारशे वर्षांपूर्वी जे इंग्रज आपल्याकडे न येता समुद्र ओलांडून अमेरिकेत उतरले आणि गावं वसवून राहिले, त्यांच्या गावांच्या, चर्चच्या वह्या. कोण जन्मलं, कोणाचं लग्न लागलं, कोणाला पुरलं. आपण त्या पहिल्या बोटीवाल्यांचेच वंशज आहोत, हे त्यांच्या आजच्या पतवंडांना सिद्ध करायचं असे. वह्यांचे फोटो तिकडून इकडे येत आणि तक्ते इकडून तिकडे जात.

"सिद्ध झालं की काय मिळतं?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"सर्टिफिकेट."

"काही सवलत-बिवलत?"

"नाही, आई."

"मग जातीचा दाखला काढल्यासारखी धावाधाव कशाला करतायत?"

मैत्रेयी पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिच्या माहेरची वंशावळ छप्पन साली दीक्षा घेतलेल्या आजोबांपाशी सुरू व्हायची. फार ताणलं तर त्यांचे वडील धोंडिबा. आणि धोंडिबाची बायको म्हणजे धोंडिबाची बायको. तिचं नाव विचारलं की बाबा पंख्याकडे बघायचे.

२

कामाची रीत अशी की एकच पान दोघींना मिळायचं. एक मैत्रेयी आणि दुसरी बदलापूरची जिज्ञासा. एकमेकींचं न बघता दोघींनी टाइप करायचं. जुळलं तर पान बंद, नाही जुळलं तर दिपेशकडे निवाड्याला. जिज्ञासा बारवीच्या रस्त्यावरच्या गावातली, शेतीवाल्या घरातली. ती हसली की फोनचा आवाज कमी करावा लागायचा.

अक्षर वाचता येत नसेल तर तीन फुल्या मारायच्या, असा नियम. पण तीन फुल्या मारल्या की कारण लिहा, फोटो जोडा, मंजुरीची वाट बघा. आणि चौकट रिकामी सोडली तर पान पुढे सरकत नाही. म्हणून ऑफिसात सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. अडलं की तात्पुरतं स्वतःचं नाव टाकायचं, पुढे जायचं आणि संध्याकाळी ते नाव शोधून निवांत दुरुस्ती करायची.

"गोऱ्यांमध्ये मैत्रेयी थोडीच भेटणार?" दिपेशनंच शिकवलं होतं. "सर्च मारला की डायरेक्ट गावणार तुला."

त्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला, सासूबाई जेवून आतल्या खोलीत आडव्या झालेल्या असताना, तिच्यासमोर सोळाशे एक्केचाळीस सालचं एक लग्न आलं. नवरा एडमंड हॅथर्ली. बायकोच्या नावाच्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक. हरभऱ्याएवढं, कडा तपकिरी. भोकाच्या पुढे लिहिलेलं, 'त्याची पत्नी'.

हिलाही धोंडिबाच्या बायकोचाच रोग, असं मनात येऊन मैत्रेयीला जरासं हसू आलं. तिनं चौकटीत स्वतःचं नाव टाकलं. तेवढ्यात खालून सिलेंडरवाल्यानं हाक दिली, ती पावती घ्यायला उठली, आणि मग कणीक, मग पाणी भरणं, मग राजरत्नचा चहा. दुरुस्तीची आठवण झाली ती बुधवारी, आंघोळ करताना.

पान बंद झालं होतं. बाजूला हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं की दोघींच्या टायपिंगमध्ये फरक शून्य.

साबणाचा हात तसाच ठेवून माणसानं थबकावं तशी ती स्क्रीनसमोर थबकली. फरक शून्य कसा? तिच्या चौकटीत मैत्रेयी होतं. जिज्ञासानं तिच्या सवयीप्रमाणे जिज्ञासा टाकायला हवं होतं.

३

"तू त्या हॅथर्लीच्या बायकोचं नाव काय टाकलंस गं?"

"काय म्हणजे? लिहिलंय ते," जिज्ञासा फोनवर म्हणाली. मागे कुकरची शिटी झाली. "मी एकटीच हसत बसले ना! आईला म्हटलं, बघ, आमची मैत्रे तिकडे पण जाऊन आली. आई म्हणते, हुंडा किती दिला विचार."

"भोक होतं तिथे."

"कसलं भोक? चांगलं ठळक लिहिलंय. मला नंबर लागलाय का डोळ्यांना?"

मैत्रेयीनं फोन ठेवला आणि पान उघडलं. बंद पान बदलता येत नाही, पण बघता येतं.

भोक नव्हतं. तिथे नाव होतं. शाई बाकीच्या शब्दांसारखीच तपकिरी, विटलेली. अक्षरही त्याच माणसाचं, लांबलचक शेपट्यांचं. फक्त एवढ्या एका शब्दापाशी त्याचा हात अडखळला होता. दर दोन अक्षरांनंतर टाक टेकवून थांबल्याचे ठिपके होते. कोणीतरी समोर उभं राहून त्याला सावकाश सांगत असावं आणि त्यानं पुन्हापुन्हा विचारून लिहावं, तसं.

तिनं शांतपणे विचार केला. एक, कंपनीनं पानाचा चांगला फोटो पुन्हा चढवला असेल. पण मग त्यात तिचं नाव का निघावं? दोन, आपण टाइप केलेलं सिस्टमनंच फोटोवर छापलं असेल. तीन, जिज्ञासा चोरून बघून टाकते आणि आता सावरून घेतेय. तिसरं कारण मैत्रेयीला पटण्यासारखं होतं, कारण त्यात फक्त माणसाची लबाडी लागत होती. ते धरून ती पोळ्या लाटायला गेली.

४

गुरुवारच्या पानांवर मुलं आली.

थॉमस, बाप एडमंड हॅथर्ली, आई मैत्रेयी. अ‍ॅन, बाप एडमंड, आई मैत्रेयी. मग थॉमसला पुरलं. मग नवीन मूल, त्याचंही नाव थॉमसच. त्या लोकांत तशी पद्धत होती. भांडं फुटलं की तसंच दुसरं आणावं, तसं गेलेल्याचं नाव पुढच्याला. मग एकाच थंडीत अ‍ॅन गेली आणि दुसरा थॉमसही गेला. दोघांच्या नोंदीपुढे एकच शब्द होता, खोकला. शेवटी एक मुलगी, पेशन्स. तिच्या पुरण्याची नोंद नव्हती.

कुठेही भोक नव्हतं. नाव प्रत्येक वेळी स्वच्छ. आणि लिहिणाऱ्याचा हात आता अडखळतही नव्हता, त्याच्या तो सवयीचा शब्द झाला होता. त्रेचाळीस दिवसांत या घरात जे जमलं नाही ते त्या परक्या गावाला जमलेलं दिसत होतं. मैत्रेयीनं सातही नोंदी जशाच्या तशा टाइप केल्या. हात चालत होते. कोणाचे चालत होते हे विचारायची तिला गरज वाटली नाही.

तीनच्या सुमाराला आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं. बारीक, कोरडा, दोन वेळा.

"आई, पाणी देऊ का?"

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. हातात मटारचं ताट. "मला? मी तर इथे आहे. मला वाटलं तूच खोकलीस."

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता, लग्नातल्या आहेरात आलेला, जांभळा. पंख्यानं तो हलत होता. पंखा तर बंद होता, असं तिला जरा वेळानं आठवलं. मग शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणाचं तरी मूल आजारी असेल, असं तिनं ठरवलं. भिंती पातळ असतात.

"गरम पाण्यात हळद घे," सासूबाई म्हणाल्या. "सांगून ठेवते, या घरात खोकला लवकर जात नाही."

५

"सर, ते पान रीओपन करून द्या ना."

"दोन्ही साइड सेम, मिसमॅच झिरो, रीओपन कशाला करू?" दिपेश फोनवर म्हणाला. त्याच्या मागे खालच्या गाळ्यातली शिलाई मशिनं एकसुरात चालली होती. "मॅडम, क्लायंट तिकडे नाचतेय. एक्क्याऐंशी वर्षांची बुढ्ढी आहे. तीन पिढ्या शोधत होते, सगळ्यात पहिल्या आजीचं नावच भेटत नव्हतं. ती जी पेशन्स आहे ना, तिच्यापासून यांचा सगळा खानदान. आता चेन पुरी झाली. मेल बघ, रडलीय म्हणते."

"सर, ते नाव माझं आहे. मी तात्पुरतं टाकलं होतं."

"मग काय झालं? कॉपीराइट आहे का तुझा?" तो हसला. ती हसली नाही, तसा त्याचाही आवाज खाली आला. "ऐक. एक रस्ता आहे. माणसाच्या शेवटच्या एन्ट्रीत जे नाव येतं, सिस्टम तेच पक्कं धरते. पुरल्याची एन्ट्री. उद्याच्या बॅचमध्ये तिची येतेय. तिथे दोघींनी तीन फुल्या मारल्या तर सिस्टम विचारेल, मागच्या पण पुसू का? हो बोल. सगळं साफ. पण फुल्या दोघींच्या पाहिजेत."

म्हणजे तिला पुरल्याची नोंद उद्या यायची होती. मैत्रेयीनं हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कोणाबद्दल वाटलं, आणि तिला भीती वाटली ती एवढ्याचीच.

तिनं जिज्ञासाला फोन लावला.

"उद्या तिचं नाव आलं तर तू तीन फुल्या मारशील?"

"दिसत असताना? मग माझ्या अ‍ॅक्युरसीचं काय होईल? मैत्रे, मी दिसतं तेच टाकणार बाबा." जरा थांबून तिनं विचारलं, "तू बरी आहेस ना? सासू जेवायला देते ना नीट?"

रात्री जेवताना तिनं राजरत्नला सांगून पाहिलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, तो तसा ऐकून घेणारा होता. "सॉफ्टवेअरचा लोचा असणार," तो म्हणाला. "ऐक ना, उद्या कार्ड मिळतंय. ऑफिसातून फोन आला होता. चढलं तुझं नाव."

तिला एकदम हायसं वाटलं. इतकं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

६

शुक्रवारी दुपारी लाइट नव्हती. शुक्रवारी नसतेच. लॅपटॉपची बॅटरी अर्धी होती. सासूबाई भिंतीला टेकून, पदरानं वारा घेत डुलक्या काढत होत्या. शिवमंदिराच्या बाजूनं येणाऱ्या रिक्षांचे भोंगे वगळले तर घर बंद डब्यासारखं होतं.

फोनवर जिज्ञासाचा आवाज येऊन पडला होता, सकाळी साडेनऊचा. "झालं माझं पान. मैत्रे, गेली गं तुझी ती. लागली मातीला. असं नावानिशी टाइप करताना अंगावर काटा आला बघ. संध्याकाळी फोन कर."

मैत्रेयीनं पान उघडलं.

ओळ चौथी. महिना आणि तारीख आजची होती. साल कसरीनं खाल्लं होतं. भोक आता नावावरून सरकून सालावर आलं होतं. पुढे: मैत्रेयी, एडमंड हॅथर्लीची पत्नी, वय चोवीस. दुपारी पुरली.

तीनशे पासष्टांत एक, असा हिशेब तिनं केला. काहीच विशेष नाही. तिच्यासारख्या वय चोवीस असणाऱ्या तर लाखो. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आत कोणीतरी खोकलं.

सासूबाईंनी डोळे न उघडताच म्हटलं, "अगं, त्या लेकराला पाणी दे."

मैत्रेयीनं मान वर केली. आतल्या खोलीचा पडदा सरळ लोंबत होता. फक्त एका जागी, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, त्याला चुण्या पडल्या होत्या. पडदा आतून मुठीत धरलेला होता. आई कामात असली की लेकरू पदर धरतं तसा. ओढत नव्हतं, मागत नव्हतं. नुसतं धरून होतं.

ती किती वेळ बघत होती कोण जाणे. उठून पाच पावलं गेली असती तर दिसलं असतं. पाण्याचा तांब्या हाताशी होता. तिची बोटं तांब्यापर्यंत गेलीसुद्धा.

मग तिनं त्या बोटांनी नावाच्या चौकटीत तीन फुल्या मारल्या. कारण? 'वाचता येत नाही,' तिनं लिहिलं, आणि लिहिताना ते नाव ती वाचत होती. फोटो जोडला. मंजुरी लगेच आली. दिपेश वाटच बघत असावा.

आता जुळणार नाही, तिच्या मनात आलं. जिज्ञासानं सकाळीच नावानिशी टाकलंय. जाईल निवाड्याला.

हिरवी अक्षरं उमटली. फरक शून्य.

खाली प्रश्न आला. या व्यक्तीच्या मागच्या सर्व नोंदींना हेच लागू करायचं? हो. नाही.

चुण्या तशाच होत्या. कापडातून लहान लहान सांधे कळत होते, चार. तिला पेशन्स हे नाव आठवलं आणि तीन पिढ्या शोधून रडलेली ती म्हातारी. मग बाबांचं पंख्याकडे बघणं आठवलं. कोण्या एका दुपारी धोंडिबाच्या बायकोनंही असंच काही निवडलं असेल का?

तिनं 'हो' दाबलं.

मूठ सुटली. पडदा सरळ झाला, त्याच्यावरच्या चुण्या हळूहळू विरल्या, आणि घरात लाइट आली. पंखा फिरायला लागला. सासूबाईंनी डोळे उघडले.

"खोकला गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

७

तिनं जिज्ञासाला फोन लावला.

"सकाळी त्या चौथ्या ओळीत तू काय टाकलंस?"

"चौथ्या? तिथे भोक आहे ना. तीन फुल्या मारल्या."

"सकाळी तू मला म्हणालीस की गेली, नावानिशी—"

"मी?" पलीकडे कुकरची शिटी झाली. जिज्ञासा हसली नाही. "सॉरी हां, नंबर सेव्ह नाही दिसत. कोण बोलतंय?"

तिनं सांगण्यासाठी तोंड उघडलं. जिभेच्या टोकाशी काहीतरी होतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. "राँग नंबर," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

साडेपाचला राजरत्न आला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं केशरी कार्ड काढलं, त्याला नव्या डिंकाचा वास येत होता. "आलं एकदाचं," तो म्हणाला.

"वाच बरं, चूक-बिक नाही ना केली," सासूबाई म्हणाल्या. "माझा चष्मा तिकडे आहे."

कार्ड तिच्या हातात आलं. पहिल्या ओळीत सासूबाई. दुसरीत राजरत्न. तिसरीत नातं, सून. वय, चोवीस. आणि नावाच्या रकान्यात हरभऱ्याएवढं भोक. कागद कोरा करकरीत, पण भोकाच्या कडा तपकिरी होत्या. बोट लावल्यावर बारीक भुकटी निघाली, शेकडो वर्षं बंद राहिलेल्या पुस्तकातून निघते तशी.

"बरोबर आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"मी तिथे उभा राहून वाचून घेतलंय," राजरत्न बूट काढता काढता म्हणाला. "एकदम बरोबर."

"काय लिहिलंय मग? सांग तरी," ती त्याला म्हणाली.

राजरत्ननं मान वर केली. त्यानं तिच्याकडे बघून तोंड उघडलं आणि तसाच राहिला. आताच हातात होती ती किल्ली कुठे ठेवली, अशा नजरेनं तो तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिला. आतल्या खोलीत काहीच आवाज नव्हता. तिनं वाट पाहिली. त्या घरात आल्यापासून तिनं कशाची एवढी वाट पाहिली नव्हती.

"ऐक ना," तो शेवटी म्हणाला. "चहा टाक."

तिनं कार्ड मिटलं. बोटाला लागलेली भुकटी पदराला पुसली.

"बरोबर आहे," असं म्हणून ती उठली.